परिपत्रक निघालं, माणसं मात्र जागची हलेनात

चिपळुणात माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या नोकरदारांची एक तक्रार हमखास असते. बदल घडवायची जबाबदारी माझ्यावर टाकलीय, अधिकार काडीचा नाही आणि माणसं ढिम्म आहेत. मीच कमी पडतेय का? लोट्याच्या एमआयडीसीतला सुपरवायझर असो की शाळेतल्या बाई, प्रश्न तोच.

त्यातली ही एक हकिकत, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. एका रुग्णालयातल्या इन्चार्ज सिस्टर. ड्युटी बदलताना हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, टेबलाशी न देता प्रत्येक पेशंटच्या खाटेजवळ द्यायचा, असं वरून परिपत्रक आलं होतं. कल्पना चांगलीच. सलाईन, ड्रेसिंग समोर दिसतं, काही राहिलं असेल तर पेशंटच सांगतो. सिस्टरनी मीटिंग घेतली, फलकावर कागद लावला, सह्या घेतल्या. चार दिवस जमलं, मग सगळे पुन्हा टेबलाशी. यांची झोप उडाली, ड्युटीला निघताना पोटात गोळा यायला लागला.

"किती जणींना पटवायचंय?" मी विचारलं.

"सगळ्यांना. आधी आमच्या सगळ्यात जुन्या सिस्टरना. त्याच खोडा घालतात."

मी महाडचा विषय काढला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 साली मंजूर झाला. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत माणसं तळ्यावर चालत गेली, तोवर कागद कागदच राहिला. त्यानंतरही मारहाण झाली, खटला झाला, हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. वॉर्डातल्या हँडओव्हरची त्या लढ्याशी बरोबरी करणं हास्यास्पद होईल. मला दाखवायचं होतं ते ठराव आणि पाऊल यांच्यातलं अंतर. ते अंतर तोडलं ज्यांना सोसावं लागत होतं त्यांनी, आणि एकत्र येऊन.

मग प्रश्न बदलला. आत्ताच्या पद्धतीचा जाच कुणाला होतोय? सिस्टर बराच वेळ गप्प होत्या. मग दोन नव्या मुली आठवल्या. दुपारी दोनचा हँडओव्हर टेबलाशी गप्पांत लांबतो आणि त्यांची गुहागरकडची एसटी चुकते. घरी पोचल्यावर पुन्हा फोन: 'सात नंबरचं इंजेक्शन दिलंस का?' तिसऱ्या आठवल्या त्या वॉर्डातल्या मावशी. पद नाही, पण सगळ्या वॉर्डाचे कान त्यांच्याकडे. परिपत्रकात रुग्णसुरक्षा होती, एसटीचा उल्लेख कुठेच नव्हता. बाहेरून दिलेल्या कारणासाठी माणूस सही करतो. हलतो तो स्वतःच्या दुखण्यासाठी, असं माझं मत होत चाललंय.

ठरलं ते एवढंच: खाटेजवळचा हँडओव्हर आधी एकाच खोलीत, या तिघी आणि सिस्टर. फलक नाही, मीटिंग नाही. बाकीच्यांनी विचारलं तर उत्तर मुलींनी द्यायचं, इन्चार्जनी नाही.

एक गोष्ट सिस्टरनी स्वतःच काढली. दोघीही मुली कंत्राटी. काही बिनसलं तर बळी त्यांचाच. म्हणून सिस्टरनी वरिष्ठांना आधीच लेखी कळवलं की हा प्रयोग माझ्या जबाबदारीवर आहे. जिथे साहेब डूख धरणारा असतो, तिथे मी हा मार्ग सुचवतच नाही. पुढे उभं राहणाऱ्याला किंमत मोजावी लागते, आणि ती बहुतेकदा सगळ्यात कच्च्या नोकरीवाल्याच्या माथी येते.

गणपतीच्या सुट्ट्या संपेपर्यंत दिवसपाळीच्या बहुतेक जणी खाटेजवळ उभ्या राहायला लागल्या होत्या. बातमी पसरवली मावशींनी: "पोरी वेळेत सुटतात हो!" रात्रपाळी अजून टेबलाशीच आहे. सिस्टरना आता झोप लागते. जुन्या सिस्टरचा विषय मी शेवटी काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना काय जड जातंय, ते मी अजून विचारलेलंच नाही. गुडघे दुखतात त्यांचे. बारा खाटांशी उभं राहायचं म्हणजे…" पुढच्या आठवड्यात इन्चार्ज सिस्टर स्टुलाची मागणी टाकणार होत्या.