बाराबंदीला हात घालण्याआधी एक चंची शिवा

तुमचा प्रश्न असा आहे: घरी मशीन नाही, शिकवणारं कुणी नाही, जुन्या काळासारखी हातशिवण शिकून बाराबंदी शिवायची आहे, तर सुरुवात कुठून करू?

मी धुळ्याची. गेली आठ वर्षं मशीनला हात न लावता शिवतेय. माझं सरळ मत, बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा तो जुना अंगरखा, वर्षभर बाजूला ठेवा. तिच्या बारा बंदांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरी परीक्षा बगलेत असते. तिथला चौकोनी तुकडा चारही कोपऱ्यांत चुणी न पडता बसवायला हात तयार लागतो. तो तयार करायला चंचीसारखी दुसरी वस्तू नाही.

चंची म्हणजे पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि सुटे पैसे ठेवायची कप्प्यांची कापडी घडी. लुगड्याला खिसा कुठला? ती कमरेला खोचलेली असायची. धावदोरा, उलटी टीप (दर टाक्याला मागे येऊन पुढे जाणारी), तुरपाई, उरेब पट्टी (कापड तिरपं कापून काढलेली), गोफ (गुंफलेली दोरी), सगळं त्या एवढ्याशा कापडात येतं, आणि बिघडलं तरी फार काही वाया जात नाही.

शक्य असेल तर आधी जुनी चंची मिळवून नुसती बघा. आमच्या घरात आजीच्या आईची होती. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. तिथे ती पारोळ्याहून गेली होती आणि येताना आणलेल्या खादीची ही चंची, असं घरात सांगत. सिंगरच्या मशीनचं पेटंट १८५१ सालचं, म्हणजे तोवर मशीन येऊन जमाना झाला होता, तरी ही हाताचीच. ओळखायचं असं: मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. हाताच्या उलट्या टिपेला पुढून छोटे टाके दिसतात आणि मागे एकावर एक चढलेले लांब टाके, पीळ दिलेल्या दोरीसारखे. त्या चंचीच्या तळाशी टाके दाट होते, वर तोंडाकडे विरळ. जिथे वजन येतं तिथे तिने दोरा खर्च केला होता. हे मला कुठल्याही क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

ती चंची मी गमावली. काताचे डाग निघावेत म्हणून साबणाच्या गरम पाण्यात भिजवली आणि चोळली. घडीवरचं कापड हातातच विरून गेलं. आजी काही बोलली नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्हाला जुनी वस्तू मिळाली तर धुऊ नका, नमुन्यासाठी उसवूही नका. मापं घ्या, टाके मोजा, परत जागेवर ठेवा.

आता शिवायचं कसं. मांजरपाट किंवा जाडसर खादी घ्या, आधी धुऊन खळ काढा, नाहीतर नंतर आटते. कापड धाग्यावर फाडून सहा इंच रुंद, एकवीस इंच लांब असे दोन तुकडे करा, एक बाहेरचा, एक अस्तराचा. लांबीचा हिशेब असा: खालचे पाच इंच वर दुमडून पहिला कप्पा होतो, तो पुढच्या पाच इंचांवर बसतो. त्याच्या वरच्या पाच इंचांवर दुसरा कप्पा वेगळ्या तुकड्याचा, आणि उरलेले सहा इंच झाकण, टोकाला त्रिकोणी कापलेलं. दुसऱ्या कप्प्याचं तोंड आधी तुरपून घ्या आणि त्याचा तळ अस्तरावर उलट्या टिपेने बसवा. मग अस्तर आणि वरचं कापड पाठीला पाठ लावून कच्च्या टाक्यांनी जोडा. खालच्या कडेला पट्टी लावून मग तो भाग दुमडा, आणि शेवटी इंचभर रुंदीची उरेब पट्टी उरलेल्या कडेने फिरवा. कप्प्यांच्या बाजू त्या पट्टीतच धरल्या जातात. टोकाला सुताचा गोफ लावा, चंची गुंडाळून त्याने बांधायची.

दोरा सुतीच हवा. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, एवढाच ओवा; लांब घेतला की गुंता होतो आणि घासून झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्या. सुई नऊ किंवा दहा नंबरची, मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी. पहिले दोन दिवस ते अडचणीचं वाटेल, काढू नका. इंचाला आठ टाके आले तरी सुरुवातीला पुरे, मात्र आठही सारखे यायला हवेत.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी शिवायला बसू नका. घामाने सुई बोटांत फिरते, गंजते आणि पांढऱ्या कापडावर डाग पाडते. मी पहाटे ओट्यावर बसायची, जवळ कोरडा पंचा ठेवून.

माझी पहिली चंची पुरी व्हायला तीन आठवडे लागले. आजीच्या हातात दिली तर तिने कप्पे उघडलेच नाहीत. आधी उलटी केली आणि पट्टीच्या कडेवरून नख फिरवत गेली. त्रिकोणाच्या टोकापाशी नख अडलं, तिथे मी घाईत दोन टाके लांब घातले होते. म्हणाली, "उसवी टाक." तीन इंच उसवले आणि तिच्यासमोरच बसून पुन्हा घातले.