जुना होत जाणारा कॅमेरा: सोनी ए७ मार्क ४ वापरणाऱ्यांचे प्रश्न

ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालेला ३३ मेगापिक्सेलचा हा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ एकाच बॉडीवर करणाऱ्यांच्या हातात आता चांगलाच रुळला आहे. नवेपणी कोणी विचारत नाही असे प्रश्न तीन-चार वर्षांच्या वापरानंतर येऊ लागतात. या वेळी त्यांतले काही निवडले आहेत.

मंगल कार्यालयातल्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे येतात. सगळ्या फोटोंवर नाही, पण मंगलाष्टकांच्या वेळच्या फोटोंवर हमखास. शटर खराब झालं आहे का? (एक वाचक, सांगली)

शटर ठीक आहे. मंगलाष्टकांच्या वेळी आवाज नको म्हणून तुम्ही सायलेंट मोड लावत असणार, आणि पट्टे तिथूनच येतात. सायलेंट मोडमध्ये मेकॅनिकल शटर हलत नाही. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतो. या कॅमेऱ्याला पूर्ण फ्रेम वाचायला सुमारे १/१५ सेकंद लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सेन्सर वरपासून खालपर्यंत पोहोचेतो प्रकाश सहा-सात वेळा चढतो-उतरतो, तेवढेच पट्टे फोटोत दिसतात. मोजून पाहा. सहा-सात पट्टे मोजले, तर दोष विजेच्या दिव्यांचा आहे. बारीक-बारीक, दाट रेघा असतील तर त्या स्टेजमागच्या एलईडी वॉलच्या किंवा डीजेच्या लाइटच्या असतात. त्यांची वारंवारता खूप जास्त असते.

पहिल्या प्रकारावर उपाय सोपा आहे. सायलेंट हवाच असेल तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. १/१०० ला प्रत्येक ओळीला प्रकाशाचा बरोबर एक पूर्ण ठोका मिळतो आणि पट्टे जातात. १/१२५ किंवा १/२०० ला ते परत येतात. वेगवान शटर लागणार असेल तर सायलेंट बंद करून मेकॅनिकल शटर लावा आणि मेनूमधलं अँटी-फ्लिकर शूट सुरू करा. कॅमेरा दिव्याचा उजेड भरात असतानाच शटर सोडतो. क्लिक किंचित उशिरा बसतो, एवढाच फरक. अक्षता पडतानाचा नेमका क्षण पकडायचा असेल तर हा उशीर लक्षात ठेवा.

एलईडी वॉलवर अँटी-फ्लिकर शूट चालत नाही. तिथे व्हेरिएबल शटर लावायचं आणि स्क्रीनवर बघत शटर दशांशाने सरकवत न्यायचं, रेघा विरघळेपर्यंत. हे वरात दारात आल्यावर करू नका. डेकोरेटर लाइट तपासत असतो तेव्हाच जुळवून मेमरी रिकॉलमध्ये (आपली सेटिंग्ज साठवायची जागा) साठवा.

व्हिडिओसाठी कॅमेरा पाल या ५० हर्ट्झच्या विजेला जुळणाऱ्या मोडवर ठेवा, २५ फ्रेम आणि शटर १/५०. ६० हर्ट्झसाठीच्या एनटीएससी मोडवर ३० फ्रेम आणि १/६० ठेवणाऱ्यांच्या व्हिडिओत पट्टे वर-खाली सरकत राहतात. ३० फ्रेमच हवे असतील तरी शटर १/५० किंवा १/१०० घ्या.

१०-बिट ४:२:२ मध्ये शूट केलेल्या क्लिप लॅपटॉपवर अडखळतात. लॅपटॉप बदलावा का? आणि कार्ड कुठलं घ्यावं? (एक वाचक, लातूर)

आधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या नकला, करून पाहा. ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या, फाइल उलगडायची सोय बऱ्याच ग्राफिक्स कार्डांत नसते. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि क्लिप अडखळते. कॅमेरा मूळ फाइलबरोबर हलकी प्रॉक्सी फाइलही बनवू शकतो; किंवा एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रात्री प्रॉक्सी लावून ठेवा. कट प्रॉक्सीवर करायचे, शेवटचं एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून.

कार्डाचं गणित बिटरेटवरून करा. मेगाबिटला ८ ने भागलं की मेगाबाइट येतात. २५ फ्रेमचं ४के, १४० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १७.५ मेगाबाइट, तासाला ६३ गिगाबाइट. याला व्ही३० कार्ड पुरतं, कारण ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइटची हमी देतं. ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा प्रकार) २५० मेगाबिट म्हणजे तासाला साधारण ११३ गिगाबाइट, आणि त्याला व्ही९० कार्ड लागतं. लग्नाच्या कामाला ऑल-इंट्राची गरज आम्हाला वाटत नाही. ते पैसे दुसऱ्या कार्डात घाला आणि दोन्ही स्लॉटवर एकाच वेळी रेकॉर्डिंग ठेवा. विधी पुन्हा होत नाहीत. सीएफएक्स्प्रेस टाइप ए हे वेगवान कार्ड फक्त पहिल्या स्लॉटमध्ये बसतं, पण दोन्हीकडे रेकॉर्ड करताना दुसऱ्या स्लॉटमधल्या एसडी कार्डालाही तोच वेग झेपला पाहिजे.

एस-लॉग३ मध्ये आयएसओ २००० ला रिसेप्शन शूट केलं, खूप ग्रेन आला. सहकारी म्हणतो ३२०० ठेव. आयएसओ वाढवून ग्रेन कमी कसा होईल? (एक वाचक, नाशिक)

सहकाऱ्याचं बरोबर आहे. एस-लॉग३ मध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारायच्या फिक्या प्रोफाइलमध्ये, या सेन्सरचे दोन मूळ आयएसओ आहेत, ८०० आणि ३२००. २००० ला कॅमेरा खालच्या पातळीवरचा संकेत वाढवून देतो, त्याबरोबर ग्रेनही वाढतो. ३२०० ला सेन्सर वरच्या पातळीवर जातो आणि सावल्या पुन्हा स्वच्छ होतात. म्हणून ८०० नाहीतर ३२००. मधले आकडे टाळा. ३२०० ला उजेड जास्त झाला तर अ‍ॅपर्चर बंद करा किंवा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. एक्स्पोजर मीटरपेक्षा एक ते दीड स्टॉप वर ठेवा आणि झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) ९४+ वर लावा. पेढेवाल्याच्या दिव्यावर झेब्रा आला तर चालेल, नवरीच्या कपाळावर नको.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ द्यायचा असेल तर एस-लॉग३ च्या वाटेला जाऊ नका. एस-सिनेटोन हे तयार रंगांचं प्रोफाइल लावा. त्वचेचे रंग तिथल्या तिथेच छान येतात.

मे महिन्यात दुपारच्या लग्नात ४के ५०पी रेकॉर्ड करताना कॅमेरा गरम होऊन बंद पडला. दुरुस्तीला द्यावा का? (एक वाचक, नागपूर)

नको. कॅमेऱ्याचं ठरवून दिलेलं वापराचं तापमान ० ते ४० अंश आहे. विदर्भातली मे मधली दुपार ते सहज ओलांडते, आणि उन्हातली काळी बॉडी हवेपेक्षाही तापते. आत पंखा नाही. उष्णता बॉडीतूनच बाहेर जाते.

मेनूत 'ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर' हे 'हाय' करा. 'स्टँडर्ड'वर कॅमेरा हाताला चटका बसू नये म्हणून लवकर बंद होतो. 'हाय' केल्यावर ट्रायपॉड वापरा. मागची स्क्रीन बाहेर उघडून बॉडीपासून लांब ठेवा, म्हणजे पाठ मोकळी राहते. दोन विधींच्या मध्ये कॅमेरा सुरू ठेवून बसू नका, रेकॉर्डिंग नसलं तरी सेन्सर तापतच असतो. बॉडीवर सावली हवीच. छत्री नसेल तर पांढरा पंचा पुरतो, फक्त तो गुंडाळू नका, वर आडवा धरा.

५०पी खरंच लागतं का, हाही विचार करा. ४के ५०पी मध्ये हा कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो, १.५ पट क्रॉप होतो. २४ मिमीची लेन्स ३६ सारखी दिसते आणि अरुंद मांडवात माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. २५पी मध्ये पूर्ण रुंदी मिळते, चित्र जास्त तपशिलाचं येतं आणि कॅमेराही कमी तापतो. स्लो-मोशनच्या तुकड्यांपुरतं ५०पी ठेवा.

विसर्जन मिरवणुकीनंतर प्रत्येक फोटोत एक गुलाबी उभी रेघ आणि काही ठिपके कायम दिसतात. (एक वाचक, पुणे)

हे बहुधा लेझरने झालं आहे. डीजेच्या गाडीवरचा लेझर किरण लेन्समधून थेट सेन्सरवर पडला तर लेन्स त्याला सुईच्या टोकाएवढ्या जागेत गोळा करते आणि तिथले पिक्सेल व त्यांच्या तारा जळतात. मिररलेसमध्ये सेन्सर सतत उघडा असतो, त्यामुळे क्लिक केलं नसलं तरी धोका असतोच.

मेनूतलं पिक्सेल मॅपिंग एकदा चालवून बघा. सुटे ठिपके त्याने झाकले जाऊ शकतात, पूर्ण रेघ जात नाही. तिला सेन्सर बदलणं हाच इलाज आहे, आणि तो खर्च बॉडीच्या किमतीच्या तुलनेत मोठा असतो. आधी लेखी अंदाजपत्रक घ्या. पुढच्या वर्षी किरण प्रेक्षकांकडे फिरत असतील तर बाजूने शूट करा आणि कॅमेरा गळ्यात असताना लेन्सवर कॅप ठेवा. डोळ्यांनाही तोच धोका आहे.

हळदीच्या कार्यक्रमानंतर बॉडीवरची पिवळी भुकटी ओल्या कपड्याने पुसली, आता रबरावर डाग आहेत. शिवाय आकाशाच्या फोटोत गोल ठिपके दिसतात. (एक वाचक, कोल्हापूर)

हळद आणि गुलाल आधी कोरडे काढायचे असतात. पाणी लागलं की रंग सुटतो आणि रबरात मुरतो. मऊ ब्रश, मग हाताचा रबरी ब्लोअर, मग कोरडा मायक्रोफायबर, आणि शेवटी किंचित ओलसर कापड. डायलच्या कडा आणि हॉट-शूची (फ्लॅश बसतो ती) खाच ब्रशनेच. आता पडलेले डाग पूर्ण जाणार नाहीत, पण ते वरवरचे आहेत. कार्यक्रम चालू असताना लेन्स बदलू नका. २४-७० लावून तोच शेवटपर्यंत ठेवा.

ठिपके सेन्सरवरच्या धुळीचे आहेत का ते असं तपासा: आयएसओ १००, एफ/१६, फोकस मुद्दाम बिघडवून आकाशाचा फोटो. ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी आले तर धूळच. सेन्सर क्लीनिंग चालवा, कॅमेरा तोंड खाली करून ब्लोअरने फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा वाईट. डब्यातली दाबलेली हवाही नको. तरीही ठिपके राहिले तर २४ मिमीचा फुल-फ्रेम स्वॉब, द्रावणाचे दोन थेंब, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच हात, स्वॉब उलटा करून परत एकदा. नंतर तो फेकून द्या. त्याआधी एक गोष्ट मात्र पाहाच: 'शटर व्हेन पॉवर ऑफ' हा पर्याय चालू असेल तर कॅमेरा बंद केल्यावर सेन्सरसमोर शटरची पाती येतात. तुम्ही सेन्सर समजून पात्यांवर स्वॉब घासाल आणि शटर मोडेल. सफाईपुरता तो पर्याय बंद करा. एरवी लेन्स बदलताना तो चालू असलेला बरा.

कोकणात राहतो. दोन पावसाळ्यांत दोन लेन्सना बुरशी आली. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या. (एक वाचक, चिपळूण)

लेन्सच्या डब्यात येणाऱ्या त्या पुड्या दोन-तीन ग्रॅमच्या. लाकडी कपाटाला फटी असतात, बाहेरची दमट हवा आत येतच राहते आणि पुड्या एक-दोन दिवसांत भरतात. त्यानंतर त्या असून नसून सारख्या.

वीज भरवशाची असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. त्याहून फार कोरडं करू नका, रबर आणि आतलं ग्रीस सुकतं. वीज सतत जात असेल तर घट्ट रबरी गॅस्केटचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. १०-१५ लिटरच्या डब्याला रंग बदलणारं पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा ५५ वर गेला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा. निळं जेल गुलाबी होतं आणि तापवल्यावर परत निळं. स्वयंपाकाची भांडी त्याच वेळी आत ठेवू नका. चामड्याची केस आणि कापडी बॅग डब्यात नको, बुरशीला दोन्ही आवडतात.

दुसरं कारण एसीचं. गार खोलीतून कॅमेरा एकदम अंगणात नेला की काचेवर दव धरतं आणि थोडं आतही जातं. बाहेर नेण्याआधी तो झिप-लॉक पिशवीत बंद करा आणि बाहेर अर्धा तास पिशवीतच राहू द्या. दव पिशवीवर धरेल. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने ओला करून घट्ट पिळलेल्या कपड्याने बॉडी पुसा, मग कोरडी करा. खारं पाणी सुकलं की माउंट आणि पोर्टांना गंज धरतो.

आलेली बुरशी टॉर्चने बघा: लेन्सचं अ‍ॅपर्चर उघडं ठेवून मागून उजेड टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. कडेला असतील तर लगेच साफ करून घ्या. उन्हात ठेवून बुरशी मरते, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही, आणि तापलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येऊ शकतं.

बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी की रिकामी? (एक वाचक, मडगाव)

महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरलेली, कॅमेऱ्यातून काढून, थंड जागी. या कॅमेऱ्याची एनपी-एफझेड१०० बॅटरी थोडी जरी फुगली तरी वापर थांबवा. खणात अडकली तर काढताना कॅमेरा मोडतो.

जुना ए७ मार्क ४ मिळतो आहे. घेताना काय बघू? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

स्वतःचं कार्ड आणि लेन्स घेऊन जा. आकाशाचा एफ/१६ चा फोटो आणि कॅप लावून ३० सेकंदांचा फोटो काढा, दोन्ही मोठे करून बघा. कुठे सलग रंगीत रेघ दिसली तर घेऊ नका, किंमत कितीही असो. दोन्ही स्लॉटवर एकाच वेळी दहा मिनिटं ४के रेकॉर्ड करा, माइक आणि एचडीएमआय जोडून. स्क्रीन चारही बाजूंना फिरवून चित्र लुकलुकतं का पहा. व्हिडिओ करणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात बिजागरीची वायर आधी दमते. माउंटच्या स्क्रूंवर पेचकसाच्या खुणा असतील तर बॉडी उघडलेली आहे. कॅमेरा बंद असताना हलवल्यावर आतून हलका खुळखुळ आवाज येईल. तो स्थिरीकरणाच्या सुट्या सेन्सरचा असतो, त्याला घाबरू नका. आणि बॉडीवरचा क्रमांक भारतातल्या मूळ बिलाशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.