घासणारं बॉनेट आणि सरत आलेली मुदत

प्रश्न : जुन्या जीपला पुढच्या बाजूला कलणारं, एकसंध फायबरचं बॉनेट करून घेतलं. बसवलं त्याच दिवशी काचेकडच्या डाव्या फटीत करंगळी जात होती, उजवीकडे रंग घासत होता. उघडताना नाक बंपरवर टेकतं. जॉब कार्डावरच्या ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली मी न वाचता सही केली. वर्कशॉपने चार वेळा ‘ॲडजस्ट’ केलं, आता ‘एकदा शेवटचं बघतो’ म्हणतात. बावीस महिने झाले. दुसऱ्या मिस्त्रीकडून कडा कापून घेऊ का?

उत्तर : असल्या कामाची तक्रार ग्राहक आयोगात करता येते, ते सांगत बसत नाही. तुमच्या पत्रातला कामाचा आकडा एकच, बावीस महिने.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 69 तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं देतं. दोष पहिल्याच दिवशी दिसला, असं तुम्हीच लिहिता. म्हणजे मुदत त्या दिवसापासून मोजायची. चौथ्या दुरुस्तीपासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वर्कशॉपच्या फेऱ्यांनी मुदत वाढत नाही आणि वकिलाच्या नोटिशीने थांबत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘मालक भला वाटला’ हे सबळ कारण नव्हे. त्यामुळे शेवटचं बघणं पुरे झालं. तक्रार याच महिन्यात घाला. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते.

आणि कडा कापू नका! कापल्यात की ‘दोष दुसऱ्या मिस्त्रीचा’ हा बचाव तुम्हीच त्यांच्या हाती दिलात. खरा वाद साच्याचा की बिजागरीचा, हा आहे. बिजागरीचा अक्ष नाकापासून जितका मागे, तितकं नाक उघडताना खाली येतं. तसं असेल तर काचेकडची कड घासून बंपरचा प्रश्न सुटायचा नाही. दोन्ही फटींत स्टीलची पट्टी धरून फोटो काढा. एअर फिल्टरच्या झाकणावर मळलेल्या मातीची गोळी ठेवा, बॉनेट बंद करून उघडा आणि गोळी किती चपटली ते मोजा, म्हणजे आत किती जागा उरते ते कळेल. तिऱ्हाईत जाणकाराकडून हे सगळं लेखी घ्या. सहीचं उत्तर त्यातूनच निघेल, कारण समाधान झालेल्या गिऱ्हाइकाचं काम कोणी चार वेळा फुकट उघडत नाही. चारही वेळचे मेसेज आहेत ना? नसतील तर अवघड आहे.

बाकीचं मोघमच सांगतो. हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खालचा, म्हणजे गाडीत परस्पर करता न येणारा बदल आहे, असं समोरचे कदाचित म्हणतील. आरसीतल्या नोंदींशी काय विसंगत होतं, त्यावर ते ठरेल. आरसी पाहिल्याशिवाय बोलत नाही. जीप भाड्याने फिरत असेल तर व्यापारी हेतूचा, म्हणजे तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’च नाही, असा मुद्दा निघेल. पैसे परत की दुरुस्तीचा खर्च, ते तपासणीनंतर.

निकालाला कायद्यात 3 महिने आहेत, तपासणी लागली तर 5. कागदावर! तारखांवर तारखा पडतील, म्हणून तक्रारीसोबतच अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या आदेशासाठीचा अर्ज द्या : आधी तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि ती होताच बॉनेट दुरुस्त करून घ्यायची परवानगी मिळावी.