उभं उठणारं जेट नाक का टाकतं?

प्रश्न : एक्स-प्लेन या संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरच्या प्लेन मेकरमध्ये (विमान घडवायचं साधन) सरळ वर उठणारं काल्पनिक जेट बनवलंय. जमीन सोडताच नाक खाली जातं. इंजिनाची ताकद वाढवू का?

उत्तर : मुळीच नको, नाक आणखी जोरात आपटेल. झोताचा जोर गुरुत्वमध्याच्या (विमानाचं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू) मागे पडतोय, म्हणून शेपूट आधी उचललं जातं. नोझल (झोत बाहेर टाकणारी तोंडं) पुढे सरकवा. हॅरियर या सरळ वर उठणाऱ्या लढाऊ विमानाचं मला आजही कौतुक वाटतं ते यासाठीच! त्याच्या पेगॅसस इंजिनाची चार फिरती नोझल, दोन पुढे, दोन मागे, गुरुत्वमध्य त्यांच्यामध्ये. (दाबोळीला नौदलाची सी हॅरियर २०१६पर्यंत होती.) इंधनाची टाकीही गुरुत्वमध्याजवळच ठेवा, नाहीतर इंधन जळेल तसा तोल ढळेल. शिवाय तरंगताना पंखांवरून वारा वाहत नाही, सुकाणू निकामी होतं; तेव्हा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना हवेचे छोटे झोत द्याच. पुढे जाताना नोझल हळूहळू मागे वळवा. पंखांनी वजन पेललं की मगच पूर्ण.