कॅथलिक शाळेत माझ्या मुलीला बायबलच्या तासाला बसावंच लागेल का?

नाही, सक्ती करता येत नाही. संविधानाचं कलम 28(3) वाचा: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा प्रार्थनेत भाग घ्यायला संमती लागते, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती पालकांची. नको असेल तर प्रवेशाच्या वेळीच तसं लिहून द्या, पोच घ्या.

पण घाबरून शाळा सोडू नका. माझी मुलगी भंडाऱ्याकडच्या अशाच शाळेत शिकली. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालायचा, तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण असायचं. नाताळच्या गोठ्यासाठी मात्र आमच्या धानाची तणस तिनंच हौसेनं नेली. दवाखान्यातल्या रुग्णांना भेटायला मुलं जायची, तिथंही तिला मी आवर्जून पाठवलं. मुख्याध्यापक सिस्टरना आधी भेटा, वेळापत्रक मागा.