आजारपणानंतर कामावर परतणाऱ्या माणसासाठी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पर्सोनेलचं काम तुझ्याकडे आलं आणि पहिलाच प्रश्न नाजूक निघाला. टीबीचा कोर्स संपवून मोल्डिंगमधले, म्हणजे वाळूचे साचे करणारे, मामा 1 तारखेला हजर होणार आहेत. कागदपत्रं कोणती घ्यायची, असं तू विचारलंस. कागद थोडेच: ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, फायनल सर्टिफिकेट आणि डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला. त्याहून मोठं काम 1 तारखेच्या आधीचं आहे.

आजच त्यांना फोन कर. काय झेपेल, काय जड जाईल, जिने चढताना दम लागतो का, गोळ्यांच्या वेळा काय, हे त्यांच्या तोंडून ऐक. सुपरवायझरला वाटेल, जुन्या जागेवर घेतलं की मान राखला. तिथे अडून राहा. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि टीबीचा धोका वाढवते. नॉकआउट (साचा फोडून ओतीव काढणं), फेटलिंग (ओतीव घासून साफ करणं), सँड प्लँट (वाळू तयार करायची जागा) त्यांच्यासाठी बंदच ठेव. मात्र हलकं काम म्हणून गेटवर स्टूल टाकूनही बसवू नकोस. कसबी माणूस रिकामा बसला की मनानं खचतो. पॅटर्न स्टोअर, म्हणजे साच्यांचे नमुने ठेवायची खोली, आहे, तपासणी आहे. त्यांच्या हातातलं कसब नव्या पोरांना शिकवायचं कामही आहेच, पण तेही धुळीपासून लांब.

आता पैशाचं. बहुतेक वेळा घोडं इथेच अडतं. ईएसआयमध्ये साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते. टीबी, कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात पात्र कामगाराला 80 टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. पण ओव्हरटाइम आणि इन्सेंटिव्ह बंद पडलेला असतो, घरात उधारी साचलेली असते. म्हणून परतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात डबल पाळी मागतो. ती देऊ नकोस. त्याऐवजी मालकांकडून आधीच लिहून घे: जागा बदलली तरी पगार तोच, आणि पहिले दोन महिने इन्सेंटिव्ह जुन्या सरासरीनं. मालक कुरकुरतील. कसबी मोल्डर नसताना रिजेक्शन, म्हणजे नापास माल, किती वाढलं, ते क्वालिटीच्या रजिस्टरमधून काढून त्यांच्यापुढे ठेव.

आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे मामांनीच ठरवायचं. ते हो म्हणाले तर जोडीदारांना स्पष्ट सांग, की योग्य उपचार सुरू झाले की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बहुतेक संपतो, आणि यांचा तर कोर्सच पूर्ण झालाय. तरी कॅन्टीनमध्ये कुणी त्यांचा पेला वेगळा ठेवला तर त्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन बोल.

पहिल्या आठवड्यात सगळेच विचारपूस करतात. महिनाभरानं कुणी विचारत नाही, आणि थकवा तेव्हाच अंगावर येतो. तीन महिने आठवड्यातून एकदा त्यांच्याजवळ दहा मिनिटं बस.

आणखी एक. ठेकेदाराच्या हजेरीवरची माणसंही आजारी पडतात. ती परतली की ‘जागा भरली’ म्हणून त्यांना गेटवरूनच परत पाठवतात. ईएसआय त्यांनाही आहे, आणि वर्गणी भरली जाते की नाही हे पाहायची जबाबदारी कारखान्याची असते. या महिन्याच्या बिलावर सही करण्याआधी ठेकेदाराकडून त्यांची ईएसआय वर्गणी भरल्याची चलनं मागवून घे.

तुझे,
काका