रस्त्यावरचा चित्रकार गॅलरीत गेला, म्हणजे त्याने तडजोड केली असे मानावे का?

भिंतींवर विनापरवाना चित्रे काढणारे कलाकार पुढे लिलावगृहांत आणि संग्रहालयांत पोचले, की त्यांनी आपल्या कलेशी तडजोड केली असे समजावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे समजू नये; मात्र चित्र भिंतीवरून बाजारात नेण्याचा निर्णय कोणाचा होता, हे आधी तपासावे.

किथ हेरिंग या अमेरिकी चित्रकाराचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत मुदत संपलेल्या जाहिरातींवर काळा कागद डकवलेला असे आणि त्यावर तो पांढऱ्या खडूने चित्रे काढी. खोडायची सोय नव्हती, पोलीस केव्हाही येतील ही धास्ती होती आणि पाठीमागे गाडीची वाट पाहणारे प्रवासी उभे असत. त्यामुळे रांगणारे बाळ, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसे अशा आकृती काही मिनिटांत, एका दमात उतरत. त्याला अनेकदा पकडण्यातही आले. १९८२मध्ये टोनी शफ्राझी यांच्या गॅलरीत त्याचे प्रदर्शन झाले, भाव वाढला आणि लोक स्थानकांतले कागद काढून नेऊन विकू लागले. ही चित्रे त्याने पुढे थांबवली, त्यामागे हेही एक कारण होते. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी फुकट काढलेल्या त्या चित्रांपैकी ३१ चित्रे २०२४मध्ये सदबीजच्या लिलावात मिळून ९० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली.

त्याच हेरिंगने १९८६मध्ये ‘पॉप शॉप’ हे दुकान काढून आपल्या आकृतींचे टी-शर्ट आणि बिल्ले विकायला ठेवले, तेव्हा कलाजगतातील अनेकांनी नाके मुरडली. मला मात्र ते दुकान गॅलरीपेक्षा त्या खडूच्या चित्रांना अधिक जवळचे वाटते, कारण ज्याला मोठे चित्र घेणे कधीच परवडणार नाही अशा माणसापर्यंत पोचण्याची त्याची धडपड तिथेही चालूच होती.

ज्याँ-मिशेल बास्किया या अमेरिकी चित्रकाराबद्दल तर तक्रारीला जागाच नाही. ‘सेमो’ या नावाने मित्रासह मॅनहॅटनच्या भिंतींवर लिहिणाऱ्या या मुलाने लवकरच कॅनव्हास हाती घेतला. २०१७मध्ये ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेलेले त्याचे १९८२चे चित्र भिंतीवरून उचललेले नव्हते.

मला खरा राग येतो तो वेगळ्या प्रकाराचा. उत्तर लंडनमधील वुड ग्रीन येथे २०१२मध्ये एका दुकानाच्या भिंतीवर बँक्सी या टोपणनावाने काम करणाऱ्या ब्रिटिश भिंतचित्रकाराने शिलाई यंत्रावर ब्रिटिश झेंड्यांची तोरणे शिवणारा मुलगा रंगवला होता. पुढच्याच वर्षी तो भाग भिंतीतून कापून काढला गेला आणि थेट मायामीच्या लिलावात दिसला. रहिवाशांनी आवाज उठवल्यावर तिथली विक्री रहित झाली, तरी काही महिन्यांत लंडनमध्ये ते विकले गेलेच. बँक्सीच्या चित्रांना प्रमाणपत्र देणारी ‘पेस्ट कंट्रोल’ ही संस्था रस्त्यावरच्या चित्रांना ते देत नाही, हे धोरण म्हणूनच मला योग्य वाटते.

इटलीतील बोलोन्यात २०१६मध्ये भिंतींवरून काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा निषेध म्हणून ब्लू या इटालियन चित्रकाराने साथीदारांच्या मदतीने त्या शहरातील आपली स्वतःची वीस वर्षांची भिंतचित्रे राखाडी रंगाने पुसून टाकली. पडणाऱ्या इमारतींवरील चित्रे आम्ही वाचवली, असे आयोजकांचे म्हणणे होते आणि जतनाचा तो हेतू मी खोटा मानत नाही. पण चित्रकार हयात असताना, त्याच शहरात त्याचे काम सर्वांना ठाऊक असताना, त्याच्या संमतीवाचून ते प्रदर्शनात मांडणे मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही.